संगणक पुस्तकातून शिकता येतो का?



ही पुस्तिका आपल्या हाती आहे, याचा अर्थ पुस्तक हाच आपला पहिला शिक्षक आहे. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्याने स्वीकारले, त्यामागे एक विश्वास होता. ज्याला वर्गापर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत वर्ग नेता येईल, आणि तो नेण्याचे स्वस्त, टिकाऊ व विजेवाचून चालणारे साधन म्हणजे छापील पुस्तक, असा तो विश्वास. कविता, कादंबरी, व्याकरण, भाषेचा इतिहास या विषयांपुरता तो खरा ठरला आहे. संगणकाचा विषय निघाला की मात्र मतभेद सुरू होतात. 'संगणक कधी पुस्तकातून शिकता येतो का? पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येते का?' असा प्रश्न आपल्याला घरातून, मित्रांकडून, क्वचित अभ्यासकेंद्रावरही ऐकावा लागतो.

या प्रश्नाबाबतचे माझे मत आरंभीच नोंदवणे बरे. संगणक पुस्तकातून शिकता येतो. मात्र आज आपण ज्या प्रकारची पुस्तके ज्या रीतीने वाचतो, त्या रीतीने नव्हे. आणि मराठीच्या विद्यार्थ्याला या विद्येत इतरांपेक्षा मागे राहण्याचे कारण नाही. उलट तिचा एक महत्त्वाचा भाग त्याला आधीपासूनच येत असतो. फक्त तसे त्याला कुणी सांगितलेले नसते.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात राहणारी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. घरी सोयाबीन आणि तुरीचे शेत आहे. फोन आहे, तोही भावाबरोबर वाटून घेतलेला, संगणक नाही. रविवारच्या संमंत्रण सत्राला ती एस.टी.ने येते. नोकरीच्या जाहिरातीत संगणक अर्हता मागतात, म्हणून तिने पुस्तक मिळवले आहे आणि ते ती इतिहासाच्या पुस्तकासारखे पाठ करते आहे. फाईल साठवण्यासाठी कंट्रोलबरोबर कोणती कळ दाबावी, ठळक अक्षरांसाठी कोणती, एक्सेलच्या एका पानावर किती ओळी असतात, हे सारे तिला तोंडपाठ आहे. प्रश्नपत्रिकेत चार पर्याय दिले तर तिचा एकही गुण जाणार नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तिला कुणी संगणकापुढे बसवून 'एक साधा विनंतीअर्ज तयार कर' असे म्हटले, तर तिचे हात थबकतील. हे चित्र कल्पनेतले असले तरी आपल्यापैकी अनेकांना त्यात स्वतःचा चेहरा दिसेल.

असे का होते? विद्यार्थिनी आळशी आहे म्हणून नव्हे. तिने कष्ट केले आहेत, पण ते चुकीच्या जागी खर्च झाले आहेत. तिने यंत्राचा नकाशा पाठ केला आहे आणि नकाशे बदलत असतात.

याचे एक ठळक उदाहरण पाहू. एम.एस. वर्डच्या २००३ च्या आवृत्तीपर्यंत पडद्याच्या वरच्या बाजूस फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट अशी शब्दांची एक ओळ असे. तक्ता काढायचा तर 'टेबल' या शब्दावर जायचे आणि कागदाचा समास ठरवायचा तर 'फाईल'मध्ये शिरायचे. २००७ च्या आवृत्तीत ही सारी रचना मोडून तेथे चित्रांच्या पट्ट्या आल्या. तक्ता 'इन्सर्ट'मध्ये गेला आणि समास 'पेज लेआउट'मध्ये. खुद्द 'फाईल' हा शब्दच नाहीसा होऊन त्याच्या जागी एक गोल चिन्ह आले. पुढच्या, २०१० च्या आवृत्तीत तो शब्द परत आला. एक्सेलच्या ओळींचे तेच. २००३ पर्यंत एका पानावर ६५,५३६ ओळी असत. २००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या. जुन्या पुस्तकातील पहिला आकडा पाठ केलेल्या विद्यार्थ्याचे पाठांतर निर्दोष होते, आणि तरीही त्याचे ज्ञान कालबाह्य झाले होते.

मात्र या उलथापालथीत काय बदलले नाही, ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. समास म्हणजे काय, शीर्षक आणि मजकूर वेगळे का ठेवायचे, फाईलला अर्थपूर्ण नाव का द्यायचे, एकाच कामाच्या फाईली एका फोल्डरमध्ये का ठेवायच्या, हे १९९० मध्ये जसे होते तसेच आजही आहे. कळ कोठे आहे हे पडद्यावर शोधता येते; ती का दाबायची हे पडदा सांगत नाही. ते सांगणे हे पुस्तकाचे काम आहे. आपली अनेक पुस्तके हे काम सोडून पहिले काम करीत बसली आहेत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आता पोहण्याच्या दृष्टांताकडे वळू. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, हे कुणीही मान्य करील. परंतु हाताने करण्याची प्रत्येक विद्या पोहण्यासारखी नसते. स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. माहेरापासून दूर गेलेल्या कितीतरी मुली त्या पुस्तकाच्या आधाराने स्वयंपाक शिकल्या. ते पुस्तक यशस्वी का झाले? त्यातील मापे वाटी आणि चमचा यांची होती, म्हणजे वाचणारीच्या घरात असलेल्या वस्तूंची. आणि ते वाचताना शेजारी चूल पेटलेली होती. पुस्तक कट्ट्यावर उघडे ठेवून, एक ओळ वाचून, एक कृती करून, बिघडले तर पुन्हा मागे जाऊन ते वापरले गेले. पुस्तकाने हाताचे काम शिकवता येते. त्यासाठी पुस्तकाने वाचकाच्या घरातील माप वापरावे लागते आणि वाचकाला चूल मिळावी लागते. संगणकाच्या शिक्षणात या दोन्ही गोष्टींची उणीव आहे.

वाचकाच्या घरातील माप म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो. एक्सेल शिकवणाऱ्या पुस्तकांत बहुधा एखाद्या कंपनीचा विक्री-अहवाल किंवा कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक दिलेले असते. रिसोडच्या विद्यार्थ्याने ती कंपनी पाहिलेली नसते. त्याऐवजी बाजार समितीत विकलेल्या सोयाबीनचा हिशेब घ्या. पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात क्विंटल, तिसऱ्यात भाव. चौथ्या स्तंभातील चौकटीत बरोबरचे चिन्ह देऊन 'बी२ गुणिले सी२' असे सूत्र लिहिले की पहिल्या दिवसाची रक्कम मिळते. तेच सूत्र खाली ओढले की पुढच्या ओळीत ते आपोआप 'बी३ गुणिले सी३' होते. आता प्रत्येक क्विंटलमागे हमाली वजा करायची आहे. हमालीचा दर एकच आहे, म्हणून तो बाजूला 'एच१' या एका चौकटीत लिहिला आणि सूत्रात तिचे नाव घातले. पहिल्या ओळीत उत्तर बरोबर येते. सूत्र खाली ओढताच दुसऱ्या ओळीपासून हमाली शून्य दिसू लागते, कारण संगणक 'एच१'ऐवजी 'एच२' ही रिकामी चौकट वाचू लागतो. येथे विद्यार्थी थांबतो आणि विचार करतो. 'एच१' या नावातील अक्षर आणि अंक या दोहोंआधी डॉलरचे चिन्ह घातले की ती चौकट जागची हलत नाही, हे पुस्तकाने या ठिकाणी सांगावे. चूक समोर दिसत असताना सांगितलेला नियम विसरला जात नाही. तोच नियम व्याख्येच्या स्वरूपात पाठ करून घेतला तर परीक्षेनंतर तो आठवडाभरही टिकत नाही.

हा प्रसंग कागदावरही करून पाहता येतो, हे लक्षात घ्या. आखलेल्या वहीत चौकटी काढा, वर ए, बी, सी आणि बाजूला एक, दोन, तीन लिहा आणि प्रत्येक चौकटीत कोणते सूत्र येईल ते पेन्सिलीने भरा. स्प्रेडशीट ही कल्पना हिशेबनिसांच्या रुंद, आखीव कागदांवरूनच आली. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या 'व्हिसीकॅल्क'ने ती संगणकावर आणली. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या आपल्या आजोबांना तिचे मर्म समजले असते. ज्याच्या घरी संगणक नाही त्याने यंत्राची वाट पाहत बसू नये. विचाराचा भाग वहीत पुरा करावा आणि यंत्रापुढे बसण्याचा मिळालेला एक तास केवळ हाताच्या सरावासाठी खर्च करावा. पुस्तक, वही, यंत्र आणि पुन्हा पुस्तक, असा हा क्रम आहे.

आता मराठीच्या विद्यार्थ्याला या विद्येत काय आधीपासून येते, ते सांगतो. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाची रचना पाहा. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. ज्या कळेवर क आहे त्याच कळेवर शिफ्ट दाबून ख मिळतो. ग आणि घ एका कळेवर, च आणि छ एका कळेवर, ट आणि ठ, त आणि थ, प आणि फ, ब आणि भ यांचेही तसेच. साधी कळ दाबली की अल्पप्राण, शिफ्टसह दाबली की महाप्राण. स्वरांमध्ये साध्या कळेने काना, वेलांटी, उकार मिळतात आणि त्याच कळेवर शिफ्टसह आ, इ, उ हे स्वतंत्र स्वर. ज्याने वर्णविचार अभ्यासला आहे त्याला हा कळफलक पाठ करण्याची गरज नाही. तो त्याला उलगडत जातो. शिवाय येथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने उमटवायची असतात. जुन्या टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क असा डोळ्यांना दिसणारा क्रम पाळावा लागे. इनस्क्रिप्टवर आधी क, मग वेलांटी. म्हणजे ध्वनिविचाराच्या पाठात आपण जे शिकतो, तेच येथे बोटांनी करायचे असते.

याउलट आपण फोनवर काय करतो? रोमन अक्षरांत मराठी शब्दाचा अंदाज टंकतो आणि यंत्र सुचवील तो शब्द स्वीकारतो. ण आणि न, ळ आणि ल यांतील निवड आपण यंत्रावर सोडून देतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतील भेद वाक्याचा अर्थ बदलतो, हे व्याकरणात आपण वाचले आहे. दुसऱ्या शब्दातील ऱ्य उमटवण्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर लागते आणि इनस्क्रिप्टवर ते र च्याच कळेवर शिफ्टसह मिळते. ज्याला हे ठाऊक आहे तो स्वयंपाक्यांना गुरुपद देण्याची चूक करणार नाही. कुणी म्हणेल, आता बोलून लिहिता येते, मग कळफलकाचे कष्ट कशासाठी? बोलून अवश्य लिहावे. परंतु यंत्राने लिहिलेले तपासायचे कुणी? ज्याला अक्षर कळते आणि ते दुरुस्त करता येते, त्याने. शिवाय शासकीय भरतीत लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागितला जातो. तेथे अंदाजाचे लेखन उपयोगी पडत नाही.

युनिकोडचेही असेच आहे. पूर्वी वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसे. कारण त्या फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे केवळ आकार बसवलेले असत. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या आणि प्रत्येक वर्णाला त्याची ओळख मिळाली. या कोष्टकात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे केवळ कोष्टकाच्या क्रमाने नावांची यादी लावली तर 'ळ'ची नावे कोशातील जागी सापडत नाहीत. असा घोटाळा झाला तर तो का झाला, हे कार्यालयात कोण सांगू शकेल? मराठीचा पदवीधर. पण त्यासाठी त्याने संगणकाला 'विज्ञान शाखेचा विषय' मानणे सोडले पाहिजे.

हे सारे इतक्या आग्रहाने का सांगावे? त्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या मातीत थोडे मागे जाऊ. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट येथे सापडला आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. राजाची थोरवी पंडितांच्या भाषेत सांगितली तरी जमीन कुणाला, कोणत्या अटींवर दिली, हे लोकांच्या भाषेत नोंदवले गेले. नोंद कुणाच्या भाषेत होते आणि ती कुणाला वाचता येते, यावर हक्क अवलंबून असतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आज ती नोंद पडद्यावर आली आहे. सातबारा संगणकीकृत झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, परीक्षेचे अर्ज, सारे याच वाटेने जातात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे; महाराष्ट्रातून त्या यादीत चारच जिल्हे घेतले गेले. अशा जिल्ह्यात स्वतःचा अर्ज स्वतः भरता न येणे म्हणजे दर वेळी दुसऱ्याच्या दुकानात पैसे मोजून रांगेत उभे राहणे होय. पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की दुसऱ्याने आपल्या नावात केलेली ळ-ल ची चूक आपल्याला तेथल्या तेथे ओळखता व सुधारता येत नाही, आणि पुढे दोन कागदांवर दोन नावे होऊन आपणच आपण आहोत हे सिद्ध करीत फिरावे लागते.

या बाबतीत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना आणि एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाचा आरंभ ही दोन्ही २००१ सालची. संगणकाचे मराठी माध्यमातील शिक्षण तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचले ते त्यामुळे, आणि संगणकाला कधी हात न लावलेल्या असंख्य तरुणांची भीती त्याने घालवली. परंतु प्रमाणपत्र ही विद्येची पावती असते. पावती जपून ठेवली म्हणजे माल घरी आला असे होत नाही. तो घरी आणायचा तर तिघांनी आपापला वाटा उचलला पाहिजे.

पहिला वाटा आम्हा पुस्तके लिहिणाऱ्यांचा. आम्ही पडद्यांची चित्रे कमी करावीत आणि कारणे अधिक द्यावीत. उदाहरणे बाजार समितीची, बचत गटाच्या खातेवहीची, शाळेच्या पटाची असावीत. प्रत्येक पाठात एक चूक मुद्दाम घडवून आणावी आणि ती सुधारण्यास सांगावे. दुसरा वाटा अभ्यासकेंद्रांचा. संमंत्रण सत्राच्या दिवशी विद्यार्थ्याला यंत्रापुढे एक तास मिळणे, हे त्याला व्याख्यान मिळण्याइतकेच आवश्यक मानावे. महागड्या परवान्यांची अडचण सांगण्याचे कारण नाही. लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, त्यात लेखन व हिशेब ही दोन्ही साधने आहेत आणि त्याचे मराठी रूपही उपलब्ध आहे. परीक्षेतही चार पर्यायांऐवजी विद्यार्थ्याने तयार केलेली एक फाईल तपासावी.

तिसरा वाटा आपला. पुढच्या रविवारी अभ्यासकेंद्रावर जाण्यापूर्वी आपल्या गावाच्या एखाद्या खऱ्या अडचणीविषयी, नादुरुस्त हातपंपाविषयी किंवा बंद पडलेल्या एस.टी.च्या फेरीविषयी, एक विनंतीअर्ज वहीत लिहून काढा. शीर्षक, विषय, मजकूर, स्वाक्षरी यांच्या जागा आखून ठेवा. मग यंत्रापुढे बसून तो स्वतःच्या बोटांनी, युनिकोडमध्ये टंका. त्याला असे नाव द्या की सहा महिन्यांनी तो शोधता येईल. छापून पुन्हा वाचा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा आणि तो खरोखर पाठवा. अडाल तेथे पुस्तक उघडा. तोच त्या पुस्तकाचा खरा पाठ असेल.